प्रॉम्प्टरचं गाऱ्हाणं

गोव्यातल्या चोपडे गावच्या गुरुदासाचा एक लाडका शब्द होता, आणि तो त्याने उभ्या जन्मात स्वतःसाठी कधी वापरला नव्हता. शब्द म्हणजे ‘गांगरलो’, त्यांच्या बोलीत ‘तो गांगरला’. फेरीबोटीवर स्कूटर चढवताना कोणाची बंद पडली, की धक्क्यावरून गुरुदासाचा आवाज यायचा, “गांगरलो!” नवऱ्यामुलाने हार नवरीऐवजी करवलीपुढे धरला, की मांडवात पहिला तोच, “गांगरलो!” पेडण्याच्या ज्या कचेरीत तो कारकून होता, तिथे साहेबांपुढे कोणी ततपप केलं, तर साहेबांच्या धाकाने तो आवाज काढत नसे, पण ओठ हलायचेच, आणि काय म्हणाले ते सगळ्यांना कळायचं.

या शब्दावर आपला हक्क आहे, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. गावच्या जत्रेत आणि शिगम्यात मराठी नाटकं व्हायची, आणि गेली वीस वर्षं त्या सगळ्या नाटकांचा प्रॉम्प्टर गुरुदास. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर वही, हातात बॅटरी. माणूस गांगरतो कसा, हे त्याच्याइतकं जवळून गावात कोणी पाहिलं नव्हतं. तो समजावून सांगायचा, की आधी कान तापून लाल होतात. मग माणूस आवंढा गिळतो. मग हात कपड्यांशी चाळा करायला लागतात, आणि शब्द पळतात ते त्यानंतर. त्यामुळे कान लाल दिसले रे दिसले, की तो पुढचं वाक्य फेकायचा, आणि इतक्या जोरात, की तिसऱ्या रांगेला ते नटाच्या आधी ऐकू जायचं. दरवर्षी राजा होणारा विठ्ठल एकदा वैतागून म्हणाला, “अरे गुरु, मी रुबाबासाठी थांबल्लंय. तू सांगतस म्हणान मी गांगरतंय!” गुरुदासाने दुसऱ्या दिवशी हे वाक्य गावभर सांगितलं. त्यातलं ‘मी गांगरतंय’ एवढंच.

तो स्वतः रंगमंचावर फक्त एकदा आला होता, अठराव्या वर्षी. काम दूताचं, वाक्य एकच, ‘महाराज, शत्रू वेशीपाशी आला.’ दूत आला, महाराजांकडे पाहिलं, शत्रूला साफ विसरला आणि लवून नमस्कार करून परत गेला. नाटकातलं युद्ध त्या दिवशी बरंच लांबलं. पण हा प्रसंग निघाला, की गुरुदास ‘गांगरलो’ म्हणत नसे. “दिग्दर्शन चुकल्ला,” म्हणत असे.

त्याचा थोरला भाऊ बाबली अगदी दुसऱ्या मातीचा. शाळा दुसरीपर्यंत, पुढचं सगळं शिक्षण खाडीत, होडीवर. घरात तो दिवसाकाठी दहा वाक्यं बोलायचा. पण देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराचा होता आणि तो बाबलीकडे होता. जत्रेच्या सकाळी गावाच्या वतीने एकाने देवीपुढे उभं राहायचं, ओंजळीत नारळ धरायचा, गावच्या शिवेवरच्या एकेका राखणदाराला हाक मारायची आणि गावासाठी मागणं मागायचं. प्रत्येक मागण्याला जमलेल्या गावाने एका आवाजात म्हणायचं, ‘व्हय म्हाराजा!’ याला वही नसते. बापाच्या तोंडून मुलाच्या कानात, एवढंच. बाबलीने ते तीस वर्षं घातलं, आणि तो बोलायला लागला, की देवळात घंटेलासुद्धा कोणी हात लावत नसे.

त्या साली गणपतीची चवथ आटोपली आणि बाबलीला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. महिन्या-दोन महिन्यांत पायात थोडा जीव आला, पण बोलणं पहिल्या अक्षरापाशीच अडायचं. डॉक्टरांनी घरच्यांना बजावलं होतं, “शब्द त्यांचा त्यांना शोधू द्या. तुम्ही पुरवू नका. नुसते थांबा.”

गुरुदासाला थांब म्हणणं आणि पावाच्या टोपलीवाल्या पोदेराला भोंगा वाजवू नको म्हणणं, दोन्ही सारखंच. रोज सकाळी तो भावासमोर येऊन बसायचा.

“पा...” बाबली म्हणायचा.

“पाणी?” गुरुदास पुढे सरकायचा. “पाव? पान? पाट? पावणे इले काय कोण?”

“पा... पा...”

“पाटी? पातळ भाजी? पावती?”

एक दिवस बाबलीने डाव्या हातातला पेला भिंतीवर आपटला. आतून रुक्मिणीवहिनी धावत आली आणि म्हणाली, “भावजी, तेंका पाय लांब करूचो आसा. तुमी तेंच्या पायार बसलासात.”

गुरुदास उठला. वीस वर्षांच्या अनुभवी माणसाला हे शोभलं नाही, हे त्याचं त्यालाही कळलं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

जत्रेला पंधरा दिवस उरले तेव्हा गोपाळबाब गावकार घरी आले. देवळाच्या मानापानाचं सगळं तेच बघायचे. चहा घेतला, बाबलीची चौकशी केली, आणि मग कप खाली ठेवून म्हणाले, “बाबलीक आता बोलूक जमना, ह्या सगळो गाव बघता. फुडे मान चलवूक तेका झिलगो नाय. तुमच्या घरातलो कोण उबो रवता काय? नाय तर मान पलीकडच्या घराक जातलो. आनी एकदा गेल्लो मान परत येना, ह्या माका सांगूक नको.”

बाबली पडवीत आपल्या कदेलात, म्हणजे हातांच्या खुर्चीत, बसला होता. त्याने गोपाळबाबांकडे पाहिलं नाही. त्याने गुरुदासाकडे पाहिलं. त्या नजरेत हुकूम नव्हता, विनंतीही नव्हती. आपल्या डोळ्यांदेखत आपली जागा दुसऱ्याच्या दारी जायची, हे मुकाट्याने बघायची तयारी त्या नजरेत होती, आणि तेच गुरुदासाला सोसवलं नाही. त्याच्या तोंडून निघून गेलं, “मी घालतंय गाऱ्हाणा.”

“तू?” गोपाळबाब म्हणाले.

आत स्वयंपाकघरात देवकीच्या, म्हणजे गुरुदासाच्या बायकोच्या, हातून काहीतरी पडलं.

गोपाळबाब गेल्यावर ती पदराला हात पुसत बाहेर आली. “वीस वर्सां दुसऱ्याच्या तोंडात शब्द घातलात,” ती म्हणाली. “आता सोताच्या तोंडातसून काडूचे आसत. याद आसा मां?”

“तेका तयारी लागता,” गुरुदास म्हणाला. “ती मी करतंय.”

तयारी म्हणजे लिहिणं, एवढंच त्याला ठाऊक. साल सत्त्याऐंशी. गोवा नुकताच घटकराज्य झाला होता, कोकणी राजभाषा झाली होती, आणि भिंतींवरच्या घोषणा अजून पुसल्या नव्हत्या. गुरुदास कडवा मराठीवाला, विठ्ठल कडवा कोकणीवाला. दोघे धक्क्यावर तावातावाने भांडायचे, ते मात्र एकाच बोलीत, आणि भांडून घसा सुकला की एकाच हॉटेलात एकाच ताटलीतली भजी खायचे. अशा दिवसांत गाऱ्हाणं कसं हवं, तर मराठीची शान राखणारं, असं गुरुदासाने ठरवलं. त्याने चार पानं लिहिली. ‘हे करुणासागर जगन्माते, आम्हां अज्ञ लेकरांवर तुझ्या कृपाकटाक्षाचा वर्षाव होवो...’ असं ते सुरू होत होतं, आणि पुढे आणखी अवघड होत गेलं होतं. कचेरीत फायलीखाली ठेवून त्याने ते पाठ केलं. मग एका संध्याकाळी भावाला वाचून दाखवलं.

बाबलीने डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर डोळे उघडले आणि डावा हात उचलून खाडीकडे केला. “खा...”

“खावक व्हया?” गुरुदास म्हणाला. “खाज येता?”

बाबलीने मान हलवली. हात खाडीकडून घाटीकडे नेला, घाटीकडून मळ्याकडे, मळ्याकडून वेशीच्या वडाकडे, आणि असा पुरा फेरा घालून पुन्हा खाडीकडे आणला. मग पुन्हा तोच फेरा. कपाळावर घाम आला होता.

“समाजला,” गुरुदास म्हणाला, आणि पंखा आणून भावाला वारा घालायला लागला. बाबलीने हात मांडीवर टाकला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

जत्रेची सकाळ उजाडली. देवळासमोर खाज्याची दुकानं लागली होती, ढोल वाजत होता, माहेरवाशिणी आल्या होत्या. बाबलीला दोघांनी धरून आणलं आणि सभामंडपात खांबाजवळ त्याच्या त्याच कदेलात बसवलं. गुरुदास नवं धोतर नेसला होता. गाऱ्हाणं त्याला तोंडपाठ होतं, देवकीने तीनदा म्हणून घेतलं होतं. तरी खबरदारी म्हणून चारही पानं घडी करून सदऱ्याच्या खिशात होती. वेळ आलीच, तर हळूच बघता येईल. प्रॉम्प्टर माणूस वहीशिवाय घराबाहेर कसा पडेल?

गाभाऱ्यासमोरच्या चौकात पाय ठेवण्यापूर्वी गोपाळबाब म्हणाले, “सदरो काड.”

देवीपुढे उघड्या अंगाने उभं राहायचं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गुरुदासालाही होतं. फक्त सदऱ्याबरोबर खिसाही जातो, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. सदरा खुंटीवर लटकला, चार पानांसकट. तो काही बोलायच्या आत गोपाळबाबांनी त्याच्या ओंजळीत विडा आणि नारळ ठेवला. म्हणजे पानं असती, तरी धरायला हात नव्हताच. पंधरा दिवस एवढी अक्कल चालवली आणि नारळ विसरलास, असं त्याने स्वतःला मनातल्या मनात सुनावलं. ढोल थांबला.

गुरुदासाला स्वतःचे कान दिसत नव्हते, पण ते तापले होते. त्याने आवंढा गिळला. पहिली दोन लक्षणं झाली, त्याच्यातला जाणकार म्हणाला, आता हात. हातांना कपड्यांशी चाळा करता येत नव्हता, म्हणून ते थरथरायला लागले, आणि त्या शांततेत नारळातलं पाणी खळखळ वाजू लागलं. पहिल्या रांगेने ते ऐकलं. बहुधा तिसऱ्या रांगेनेसुद्धा.

“हे करुणासागर जगन्माते,” तो म्हणाला, “आम्हां अज्ञ लेकरांवर तुझ्या कृपा... कृपा...”

गावाला कळेना, ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं ते कुठे. एका म्हाताऱ्याने अंदाजाने “व्हय” म्हटलं आणि इतर कोणी बोललं नाही तसा तो गप्प बसला. गुरुदासाने सवयीने उजवीकडे विंगेत पाहिलं. तिथे विंग नव्हती, खांब होता. वीस वर्षं जे काम आपण केलं, ते करायला आज गावात कोणी नाही, हे त्याला त्या क्षणी कळलं. कृपाकटाक्ष गेला, वर्षाव गेला, चारही पानं गेली. दूत पुन्हा महाराजांसमोर उभा होता.

त्याने विठ्ठलाकडे पाहिलं. वीस वर्षांचं उट्टं काढायची इतकी सोन्यासारखी संधी विठ्ठलाला पुन्हा मिळणार नव्हती. पण विठ्ठलाने मान खाली घातली होती. ते गुरुदासाला टोमण्यापेक्षा जास्त लागलं. मग गोपाळबाब खाकरले आणि त्यांनी पलीकडच्या घरच्या माणसाकडे पाहिलं. तो माणूस उपरणं सावरून अर्धा उठला.

बाबलीच्या हयातीत, बाबलीच्या समोर. ते गुरुदासाला बघवेना. काहीतरी बोलायला हवं होतं, काहीही, आणि तोंडात आला तो एकच शब्द, ज्याने त्याला वीस वर्षांत कधी दगा दिला नव्हता.

“म्हाराजा,” तो ओरडला, “म्हाराजा, मी गांगरलंय!”

“व्हय म्हाराजा!” अख्खा गाव म्हणाला.

सवयीने म्हणाला. तीस वर्षं ‘म्हाराजा’ ऐकलं, की गावाचं तोंड आपोआप उघडायचं. आपण काय बोललो हे लोकांच्या ध्यानात यायला क्षणभर गेला, आणि मग बायकांच्या बाजूने पहिलं हसू फुटलं. ते बघता बघता सगळ्या मंडपात पसरलं. विठ्ठल तोंडावर उपरणं धरून गदागदा हलत होता. पुजारी देवीकडे तोंड करून हसला, म्हणजे आपण कोणाला दिसणार नाही. आणि त्या सगळ्या हसण्यात एक वेगळा, खरखरीत आवाज होता. कदेलात बसून बाबली हसत होता. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळ्यांतून पाणी, पण हसत होता. झटका आल्यापासून पहिल्यांदा.

मग बाबलीने डावा हात उचलला. गाव गप्प झाला. हात खाडीकडे गेला.

आणि गुरुदासाला वारा घालण्याचा तो पंखा आठवला. शरमेने तो आणखी लाल झाला. भावाला वारा नको होता! लहानपणी जत्रेच्या आधी बाप दोघांना घेऊन गावची शीव फिरायचा, नारळ ठेवत आणि एकेका राखणदारापुढे गाऱ्हाणं म्हणत. पहिला खाडीवर, मग घाटीवर, मग मळ्यात, मग वडापाशी. बाबली चालत ऐकायचा. धाकटा बापाच्या खांद्यावर बसून ऐकायचा.

“खाडीवयल्या राखणदारा म्हाराजा,” गुरुदास म्हणाला. आवाज चिरका होता, पण होता. “गावची होडी रिकामी धाडू नको, खाडयेत कोणाचो पाय घसरू नको...”

“व्हय म्हाराजा!”

हात घाटीकडे गेला. “घाटीवयल्या म्हाराजा, वाटेन जातल्या येतल्याक सांबाळ, रातचो चुकलो तेका घराक आण...” हात मळ्याकडे गेला, आणि गुरुदास मळ्यात गेला. बांध फुटू नको म्हणाला, दाण्याक बरकत दी म्हणाला. शब्द कुठून येत होते, त्याला कळत नव्हतं. ते मराठीतले की कोकणीतले, हेही त्याने बघितलं नाही, आणि मराठीवाल्यांनी व कोकणीवाल्यांनी सारख्याच घशाने ‘व्हय’ म्हटलं. हात वडाकडे गेला. गाऱ्हाणं वेशीवरच्या राखणदारालाही पोचलं. मग पंजा उघडून खाली आला. आता चुकलंमाकलं पदरात घे म्हण आणि संपव, असा त्याचा अर्थ, आणि या वेळी गुरुदासाला तो बरोबर कळला.

पण तो थांबला नाही. “आनी म्हाराजा,” तो म्हणाला, “हो मान ज्येचो, त्येची वाचा तेका परत दी.”

बाबलीचा हात जोरात हलला, नको, नको. गावच्या गाऱ्हाण्यात घरचं मागायचं नसतं. तीस वर्षांत बाबलीने स्वतःसाठी एक शब्द घातला नव्हता. गुरुदासाने तो हात पाहिला आणि चक्क दुर्लक्ष केलं. प्रॉम्प्टरचं न ऐकणाऱ्या नटांना त्याने जन्मभर शिव्या घातल्या होत्या.

“व्हय म्हाराजा!” गाव म्हणाला, आणि ते असं म्हणाला, की बाहेर खाज्यावर बसलेले कावळे उडाले. पलीकडच्या घरचा माणूस केव्हाच खाली बसला होता, आणि त्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

बाहेर पडल्यावर विठ्ठल सदरा घेऊन उभाच होता. चारही पानं त्याने वाचली होती. “गुरु,” तो म्हणाला, “ह्या तू म्हटला आसतस तर देवी गांगरली आसती.” पुढे महिनाभर धक्क्यावर, पोदेराकडे, कचेरीत, त्याला बघून लोक हात जोडायचे आणि म्हणायचे, “म्हाराजा!” साहेबसुद्धा एकदा म्हणाले. आपण वीस वर्षं ‘गांगरलो’ हा शब्द लोकांवर कसा मारत होतो, याचा हिशेब गावाने व्याजासकट चुकता केला, असं तो देवकीला म्हणाला. ती म्हणाली, “अजून मुद्दल रवलाहा.”

जत्रेला तीन आठवडे झाले होते. सकाळची वेळ. गुरुदास पडवीत भावासमोर बसला होता, पायांपासून लांब. दोघांच्या हातांत चहा, मध्ये बशीत पोदेराचे दोन उंडे पाव. बाबलीने कप खाली ठेवला आणि त्याच्याकडे बघून तोंड उघडलं.

“गां...”

गुरुदासाच्या जिभेवर एकदम दहा शब्द आले. गांव. गांवकार. गांठ. तोंड उघडलंसुद्धा. दारात रुक्मिणीवहिनी उभी होती, तिने डोळे वटारले. त्याने तोंड मिटलं.

“गां... ग...”

आता त्याला शब्द कळला होता. भावाच्या डोळ्यांतलं हसू बघूनच कळला होता. चार अक्षरांतली दोन झाली होती, उरलेली दोन त्याच्या दातांमागे वळवळत होती, आणि आयुष्यात इतकं अवघड काम त्याने कधी केलं नव्हतं. चहावर साय धरली. बाबलीने आवंढा गिळला, मान ताणली, ओठ एका बाजूला गेले, परत आले. गुरुदास थांबला. कदेलाच्या हातावर बाबलीची बोटं आवळली. गुरुदासाचे डोळे भरून आले, तरी तो थांबला.

“गांग... र...” बाबली म्हणाला, आणि मग सगळा जोर लावून, त्याच्याकडे बोट करून, “...लो!”

“व्हय म्हाराजा,” गुरुदास म्हणाला.